ससा खस्सी केल्यानंतर : पेटीची सवय आणि देखभाल

व्यापार-धंद्याच्या पानावर सशाचे काय काम, असे वाचक विचारतील. पूर्वी आम्हीही हेच म्हटले असते. पण मालेगावातील आमच्या कापड दुकानामागच्या खोलीत धाकट्या मुलीने एक नर ससा पाळला. तो पाच महिन्यांचा झाला आणि त्याने लाँगक्लॉथच्या चार ताग्यांवर लघवी उडवली. कडा पिवळ्या पडल्या, माल सेकंडच्या भावाने काढावा लागला. घरातून निरोप आला, ससा हटवा नाहीतर माल हटवा. मुलगी रडत म्हणाली, "अब्बा, तो दुसऱ्याच्या घरी खाणार नाही." शेवटी आम्ही ससा खस्सी करून घेतला. त्यात आमच्या हातून दोन चुका झाल्या आणि ससा जाता जाता वाचला. आपल्यापैकी अनेकांच्या घरात, कारखान्यात मुलांनी ससे पाळलेले असतात. त्यांच्या उपयोगासाठी हे लिहीत आहोत.

खस्सी का करावे?

बकरा खस्सी का करतात हे आपल्या लोकांना सांगायला नको. सशाचेही तसेच आहे. साधारण चार-पाच महिन्यांचा झाला की नर आपली हद्द ठरवू लागतो. जागोजागी लघवी उडवतो, लेंड्या विखरून टाकतो, चावतो. ही त्याची खोडी नव्हे, वयात आल्याची निशाणी आहे. मारून किंवा ओरडून ती जात नाही.

नर-मादी एकत्र असतील तर हिशेब आणखी वाढतो. मादी ३० ते ३१ दिवसांत विते आणि व्याल्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय ऑपरेशन न झालेल्या मादीला वय वाढल्यावर गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण बरेच आहे. म्हणून मादीचे ऑपरेशन तिच्या जिवासाठीही फायद्याचे असते. या कामातला शरई मसला आलिमांना विचारावा. आम्ही व्यापारी माणसे, देखभालीपुरते बोलतो.

पहिली चूक : उपाशी ठेवले

ओळखीच्या एका कंपाउंडरने सांगितले की रात्रभर काही खायला देऊ नका. माणसाच्या ऑपरेशनला तसे करतात, म्हणून आम्हाला ते पटले. पण सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे त्याला तसे उपाशी ठेवण्याची गरज नसते. उलट त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. ते रिकामे राहिले की थांबते, आणि थांबलेले आतडे सशाचा जीव घेते. म्हणून दवाखान्यात जाताना त्याचे नेहमीचे गवत आणि पाला पिशवीत घालून न्यावा. शुद्धीवर आला की तेच पुढे ठेवावे.

डॉक्टर निवडताना एकच प्रश्न विचारावा, सशाची ऑपरेशने केली आहेत का? गाई-म्हशींचा हात चांगला असलेल्याला सशाच्या भुलीचा अनुभव असेलच असे नाही.

दुसरी चूक : वाट पाहिली

ससा घरी आला आणि कोपऱ्यात अंग आखडून बसला. डोळे अर्धवट मिटलेले, दात करकर वाजवत होता. आम्ही समजलो, थकला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने काही खाल्ले नाही, पेटीत एक लेंडी नाही. मुलीने हट्ट धरला म्हणून डॉक्टरकडे नेले. ते म्हणाले, हा थकवा नव्हे, दुखते आहे आणि पोट बंद पडू लागले आहे. त्यांनी वेदनेचे इंजेक्शन दिले आणि बिनसुईच्या सिरिंजने पातळ खाणे थोडे थोडे भरवायला शिकवले. संध्याकाळी सहा-सात बारीक लेंड्या पडल्या. ईदच्या सीझनची सारी उधारी एकदम वसूल व्हावी तसा आनंद घरात झाला.

यावरून नियम असा : ऑपरेशननंतर १२ तास ससा खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. माणसाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. पेनिसिलीनच्या जातीची औषधे तोंडाने दिली तर पोटातले उपयोगी जंतू मरून ससा दगावू शकतो.

जखमेची काळजी

पहिले काही दिवस पेटीत भुसा घालू नये, तो जखमेला चिकटतो. स्वच्छ जुने कापड किंवा वर्तमानपत्र अंथरावे आणि रोज बदलावे. पेटीची एक बाजू बुटकी असावी, म्हणजे उडी मारावी लागत नाही. टाके सकाळ-संध्याकाळ पाहावेत. थोडी सूज चालते, पण रक्त, पू किंवा उघडलेली जखम दिसली तर थांबू नये. आंघोळ घालू नये. मादीचे पोट उघडलेले असते, म्हणून तिला आठ-दहा दिवस उड्यांपासून जपावे. नराला मात्र चार ते सहा आठवडे मादीजवळ सोडू नये, कारण तेवढे दिवस त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते.

पेटीची सवय

पुष्कळांना वाटते, ऑपरेशन झाले की दुसऱ्या दिवसापासून ससा शहाणा होतो. तसे नाही. अंगातला जोर ओसरायलाही चार ते सहा आठवडे लागतात. ऑपरेशनने खोडीचे मूळ जाते, सवय आपणच लावायची असते.

ससा बहुधा कोपऱ्यात लघवी करतो. त्याने निवडलेल्या कोपऱ्यातच पसरट ट्रे ठेवावा. जखम भरल्यावर तळाशी कागदाचे तुकडे, वर वाळले गवत घालावे. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, म्हणून गवत ट्रेच्या एका टोकाला असले की निम्मे काम होते. देवदार-चिडाचा वासाचा भुसा आणि मांजरासाठी मिळणारी गोळा होणारी माती वापरू नये. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाकाव्यात. बाहेरची लघवी पांढऱ्या सिरक्याने पुसावी, वास राहिला तर तो पुन्हा तिथेच जातो. सुरुवातीला जागा लहान ठेवावी आणि सवय लागेल तशी वाढवावी. ट्रे साफ करताना मूठभर जुने गवत ठेवावे, म्हणजे त्याला आपली जागा ओळखू येते.

लघवी कधी नारिंगी-लालसर दिसते, ती बहुतेक वेळा खाण्यामुळे. रक्ताचा संशय आला तर दाखवून घ्यावे. द्राक्षाच्या घडासारख्या मऊ लेंड्या ससा स्वतः खातो, तेही त्याच्या पचनाचेच काम आहे.

आमच्या सशाला पेटी कळायला दीड महिना लागला. आता तागे त्याच खोलीत आहेत आणि डाग नाही. पण दुकान उघडण्यापूर्वी आम्ही पेटी पाहतोच. लेंड्या लहान झाल्या, कमी झाल्या की समजावे, काहीतरी बिघडले आहे. मुका जीव तक्रार करत नाही. त्याचे खाते पेटीत लिहिलेले असते, ते रोज वाचावे.