जीप तीच, की मूळ?

मागच्या व्याख्यानानंतर भातकुलीच्याच एका श्रोत्याने आम्हाला थेट आपल्या गोठ्यात नेलं. तिथे त्याच्या आजोबांनी घेतलेली जीप उभी होती. म्हणाला, "सर, हे मूळ हाये का नाही, थे सांगा. फिलॉसॉफीवाले ना तुमी!" त्याचं उत्तर आज देतो.

आधी जीप समजून घेऊ. विलीज ही अमेरिकन कंपनी. स्वातंत्र्यानंतर तिच्या जीपांची जुळणी महिंद्राने मुंबईत सुरू केली. ही जीप सीजे-३बी जातीची. तिचं बॉनेट इतकं उंच का? तर हरिकेन नावाच्या २.२ लिटर पेट्रोल इंजिनामुळे. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह त्यात वर, हेडमध्ये असतात. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर गेलं. चारही चाकांना जोर मिळत असल्यामुळे पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या चिखलातून ती निघायची.

पुढे पेट्रोल परवडेना. अनेकांनी केलं तेच या घरानेही केलं, जीपला डिझेल इंजिन बसवलं. जुनं इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली गेलं. नातवाला आता जीप पहिल्यासारखी करायची आहे.

हा प्रश्न जुना आहे, बरं का. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना? मग रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. निष्कर्ष असा, की या सगळ्यांच्या आधाराने 'रथ' हे नाव आपण देतो. ग्रीकांकडे थीसिअसचं जहाज आहे. फळ्या कुजत गेल्या, बदलत गेल्या. जहाज तेच का? हॉब्जने १६५५ मध्ये त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपल्या आणि त्यांचंच दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? आता बघा, पोत्याखालचं इंजिन उद्या दुसऱ्या जीपमध्ये बसवलं, तर आजोबांची जीप कोणती?

आमचं म्हणणं असं, की इथे दोन प्रश्न एकात मिसळले आहेत. 'तीच का?' आणि 'मूळ का?' त्याच घरात, त्याच कामाला, खंड न पडता जी चालली, ती जीप तीच. त्याबद्दल वाद नको. 'मूळ' हा मात्र पुराव्याचा प्रश्न आहे.

अमेरिकेत १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओसारख्या दणकट इंजिनाच्या गाड्या जपणारे नेमकं हेच तपासतात. अशा अनेक गाड्यांच्या इंजिनावर गाडीच्या क्रमांकाचा काही भाग कोरलेला असतो. तो चासीशी जुळला, की किंमत चढते. म्हणून काही लबाड लोक जुना आकडा घासून नवा कोरतात! आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको, ही तिची अट. डिझेलवरची ही जीप त्या कसोटीला उतरणं कठीण.

मग नातवाने काय करावं? पोत्याखालच्या इंजिनावरचा क्रमांक जुन्या आरसी बुकाशी जुळतो, हे आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. त्याने ते खुशाल परत बसवावं. पण डिझेल इंजिन भंगारात देऊ नये. त्याच इंजिनावर या घरातला कापूस बाजारात गेला, रात्री-अपरात्री दुखणाईत माणसं अमरावतीच्या दवाखान्यात पोचली. तेवढी वर्षं पुसून मिळणारं मूळपण अर्धवट ठरेल.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सातबाऱ्यावर मालक बदलतात, वाटण्या होतात. प्रत्येक बदलाला फेरफार क्रमांक पडतो. म्हणून तर शेताचा इतिहास टिकतो. जीपचाही असा सातबारा करावा. कोणता भाग कधी बदलला, का बदलला, जुना कुठे ठेवला, ते एका वहीत लिहावं. जे माहीत नाही, तिथे तसंच लिहावं. आकडा घासू नये. आजोबांनी बदल केला यात खोटं काही नव्हतं, गरज होती. तो झालाच नाही असं दाखवणं, ते खोटं.

नातवाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "वही कुठून सुरू करू सर?" आम्ही म्हटलं, आजी आहे ना घरात? आजच बस तिच्याजवळ.