खिळ्याविना जहाज!

मुलांनो, आपल्या वैनगंगेवरचा, प्राणहितेवरचा किंवा तिकडे भामरागडचा लाकडी डोंगा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? पूल झाले तसे डोंगे कमी होत चालले. पण आजी-आजोबांना विचारा, ते डोंग्यात बसून बाजाराला गेले असतील. बरं, आता सांगा, त्या डोंग्याला खिळे किती? एकही नाही! एकच जाडजूड खोड कोरलं की झाला डोंगा. जोडच नाही, तर खिळा कशाला?

पण वीस मीटर लांबीचं जहाज करायचं असेल तर? एवढं मोठं खोड आपल्या आलापल्लीच्या जंगलातसुद्धा मिळायचं नाही. म्हणजे फळ्या जोडणं आलं, आणि फळ्या जोडायच्या म्हणजे खिळे आलेच, असं आमच्या चौथीच्या वर्गाचं एकमत झालं. एक मुलगी तर म्हणाली, "बाई, खिळा नसन तं फळ्या निघूनच जातीन ना!"

तर ऐका. असं एक जहाज गोव्यात खरोखरच बांधलं गेलं, फळ्या चक्क दोरीने शिवून! त्याचं नाव 'कौंडिण्य'. फार पूर्वी समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेलेल्या कौंडिण्य नावाच्या भारतीय प्रवाशाची कथा सांगतात, त्याच्यावरून हे नाव ठेवलं.

याची सुरुवात होते आपल्या अजिंठ्याला. तिथल्या लेण्यांत पाचव्या शतकातल्या शिडाच्या जहाजाचं चित्र आहे. तसंच जहाज पुन्हा बांधावं, अशी कल्पना संजीव सन्याल यांनी मांडली. मग २०२३ साली केंद्र सरकारचं संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची 'होडी इनोव्हेशन्स' ही कंपनी (नाव अगदी आपलं मराठी, नाही?) असे तिघे एकत्र आले.

पण चित्र म्हणजे काही आराखडा नव्हे! तुम्ही बैलगाडीचं चित्र काढता, त्यावरून सुताराला गाडी करता येईल का? जहाजाचा पाण्याखालचा भाग कसा होता, डोलकाठी केवढी जाड होती, हे चित्रकाराने थोडंच सांगितलं होतं! म्हणून आधी छोटी प्रतिकृती करून मद्रासच्या आयआयटीत तिची पाण्यात परीक्षा घेतली.

आणि शिवणार कोण? ही कला जाणणारे हात आता थोडेच उरले आहेत. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर पुढे आले. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, सांध्यावर नारळाच्या काथ्याचा जाड थर ठेवायचा आणि काथ्याच्याच दोरीने घट्ट शिवत जायचं. वरून राळ, म्हणजे पाणी आत यायला नको. आपण पळसाची पानं काडीने टाचून पत्रावळ लावतो ना, तसंच काहीसं. फक्त टाका घालायचा तो लाकडात!

अशी शिवण टिकते तरी कशी? लाट आदळली की ती थोडी लवते आणि धक्का सोसते. तरी मार्को पोलो या प्रसिद्ध प्रवाशाने तेराव्या शतकात इराणजवळच्या होर्मुझला शिवलेली जहाजं पाहिली, तेव्हा त्याला ती मुळीच भरवशाची वाटली नव्हती. मला वाटतं, किनाऱ्यावर उभं राहून कुणालाही तसंच वाटलं असतं.

'कौंडिण्य' फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरलं आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. इंजिन नाही. चौकोनी शिडं आणि दिशा वळवायला मोठाली वल्ही. असं जहाज आज कुठेच नसल्यामुळे ते हाकायचं कसं, हे खलाशांना नव्यानेच शिकावं लागलं. २९ डिसेंबर २०२५ला चार अधिकारी आणि तेरा नौसैनिक पोरबंदरहून निघाले. वारा पडला की थांबायचं, उठला की निघायचं! सतराव्या दिवशी, १४ जानेवारीला, म्हणजे आपण तिळगूळ वाटत होतो त्या दिवशी, जहाज ओमानच्या मस्कत बंदरात पोचलं.

हे ऐकून आमची पोरं गप्प बसतात का! गावातल्या सुतारकाकांकडून वीतभर पातळ फळ्या आणल्या, त्यांनीच गिरमिटाने भोकं पाडून दिली. मुलांनी काथ्याने होडी शिवली. हौदात सोडली आणि बुडाली. मग कुणीतरी घरून धावड्याचा डिंक आणला. तो लावून, वाळवून पुन्हा सोडली, तर डिंक पाण्यात विरघळून गेला! मग कळलं, डिंक वेगळा आणि राळ वेगळी. राळ पाण्यात विरघळत नाही. तिसऱ्या खेपेला सुतारकाकांनी राळ आणि तेल गरम करून सांध्यांवर लावलं. (हे काम मोठ्यांनीच करायचं, बरं का!) होडीत एक गोटा ठेवला आणि ती हौदात सोडली. शाळा सुटताना सगळे हौदाभोवती गोळा झाले. होडी तरंगत होती. आत शिरलेलं पाणी आम्ही मोजलं. दोन चमचे!