एकाच उत्तरात अनेक सेट-कुकी हेडर: ते कसे वाचावेत?

समजा, जयपूरच्या सोडाला भागातील खोलीवर बसून तुम्ही पायथॉनमध्ये एखाद्या संकेतस्थळावर लॉगिन करणारा प्रोग्राम लिहिला. पासवर्ड बरोबर आहे, तरी पुढची विनंती पाठवली की पुन्हा लॉगिनचेच पान येते. अशा वेळी तुमचा प्रोग्राम कुकी कशी वाचतो, ते आधी तपासा.

सर्व्हर प्रत्येक कुकीसाठी स्वतंत्र हेडर पाठवतो (सोयीसाठी मजकूर येथे देवनागरीत दिला आहे):

सेट-कुकी: सत्र=अ१२; एक्स्पायर्स=बुध, २१ ऑक्टो २०२६ ०७:२८:०० जीएमटी
सेट-कुकी: भाषा=मराठी

एचटीटीपीमध्ये एकाच नावाच्या हेडरांची मूल्ये सर्वसाधारणपणे स्वल्पविरामाने जोडता येतात. सेट-कुकी याला अपवाद आहे. पहिल्या ओळीतील तारीख पाहा: वारानंतर स्वल्पविराम आहेच. दोन्ही ओळी जोडून पुन्हा स्वल्पविरामावर तोडल्या, तर दोनाऐवजी तीन तुकडे होतात आणि पहिल्या कुकीची मुदत अर्धवट राहते. म्हणूनच २०११ च्या आरएफसी ६२६५ ने हे हेडर एकत्र करू नयेत असे सांगितले. २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही हा अपवाद नोंदवला आहे.

लायब्ररी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवतात:

१. पायथॉनची रिक्वेस्ट्स: 'हेडर्स'मधून सेट-कुकी मागितल्यास सर्व मूल्ये जोडलेली एकच ओळ मिळते. 'कुकीज'मध्ये मात्र त्या सुट्या असतात.
२. गो: हेडरचे 'गेट' फक्त पहिले मूल्य देते, 'व्हॅल्यूज' सर्व देते.
३. नोड: 'एचटीटीपी' मॉड्यूल सेट-कुकी नेहमी अ‍ॅरे म्हणून देते, कुकी एकच असली तरीही.

आता आपल्या प्रोग्रामकडे वळू. लॉगिननंतर अनेक सर्व्हर दुसऱ्या पानाकडे वळवतात. कुकी त्या वळवणाऱ्या उत्तरात असेल, तर रिक्वेस्ट्सच्या शेवटच्या उत्तरातील 'कुकीज'मध्ये ती दिसत नाही. म्हणून 'सेशन' वापरा. ते वाटेतील प्रत्येक उत्तरातील कुकी साठवते आणि पुढील विनंतीत परत पाठवते. हेडरची ओळ स्वतः तोडत बसू नका.

स्वाध्याय: तीन सेट-कुकी हेडरांपैकी दोघांत वरीलप्रमाणे तारीख आहे. ते जोडून स्वल्पविरामावर तोडल्यास किती तुकडे होतील? (उत्तर: ५)