काळा कातळ : पाण्यातला की आगीतला?

खडक कसे तयार झाले, या प्रश्नावरून अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातली विद्वान मंडळी हमरीतुमरीवर आली होती. ‘पाण्यातून’ म्हणणारे ते नेपच्यूनवादी आणि ‘आगीतून’ म्हणणारे ते प्लूटोवादी. एकाला समुद्राच्या रोमन देवाचं नाव, दुसऱ्याला पाताळाच्या! भांडणाचं मूळ मुख्यतः एकच दगड, काळा बेसॉल्ट.

सगळा गाळच!
जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाण-विद्यालयात अब्राहम व्हेर्नर १७७५पासून शिकवत. त्यांच्या मते पृथ्वीवर आधी सगळीकडे समुद्र होता आणि ग्रॅनाइट, बेसॉल्टसुद्धा त्यातूनच खाली बसले. मग ज्वालामुखी? जमिनीतला कोळसा पेटतो, दुसरं काय! गुरुजींनी लिहिलं थोडकंच, पण त्यांचं शिकवणं ऐकायला युरोपभरातून पोरं यायची.

‘जा आणि बघा’
फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात निकोला देमारे यांनी १७६३मध्येच बेसॉल्टच्या खांबांचा माग काढत थेट विझलेला ज्वालामुखी गाठला होता. वाद घालायला येणाऱ्यांना ते एवढंच सांगत, जा आणि बघा. १८०२मध्ये व्हेर्नर यांचे लाडके शिष्य लेओपोल्ड फॉन बुख खरंच तिथे गेले आणि गुरूच्या सिद्धांताबद्दल शंका घेऊनच परतले.

सोनं नव्हे, ग्रॅनाइट
आगीच्या बाजूचे सेनापती एडिनबराचे जेम्स हटन. शिक्षण डॉक्टरकीचं, व्यवसाय शेतीचा आणि जोडीला काजळीपासून नवसागर बनवण्याचा कारखाना. १७८५मध्ये ग्लेन टिल्टच्या दरीत त्यांना जुन्या खडकात घुसलेल्या ग्रॅनाइटच्या शिरा दिसल्या. म्हणजे ग्रॅनाइट वितळलेला होता आणि नंतर आला! हटनसाहेबांचा आनंद पाहून वाटाड्यांना वाटलं, सोन्या-चांदीची खाणच लागली.

शिंपल्यांचा पुरावा
‘बेसॉल्टमध्ये जीवाश्म सापडले!’ आयर्लंडच्या पोर्टरशहून बातमी आली आणि नेपच्यूनवाद्यांनी विजयाची आरोळी ठोकली. नीट पाहिल्यावर कळलं, जीवाश्म बेसॉल्टमध्ये नव्हतेच. ते होते शेजारच्या गाळाच्या खडकात, जो तापलेल्या शिलारसानं भाजून काळा-कठीण झाला होता. पुरावा पाण्याच्या नावानं मांडला, निघाला आगीचा!

भट्टीचा कौल
‘बेसॉल्ट वितळवला तर काच होते, मग तो आगीतला कसा?’ हा खडा सवाल. हटन यांचे मित्र सर जेम्स हॉल यांनी दगड भट्टीत वितळवून अगदी सावकाश थंड केला. काच नाही, पुन्हा दगड! मात्र छोट्या मुशीत डोकावून पृथ्वीची कामं कळत नाहीत, असं हटन यांचं मत. म्हणून १७९७मध्ये ते वारल्यावरच हॉल यांनी हे प्रयोग जाहीर केले. पुढे पठ्ठ्यानं बंदुकीच्या नळीत खडू कोंडून तापवला आणि संगमरवरासारखा दगड काढून दाखवला.

सैतानाची साक्ष
महाकवी गटे पक्के पाणीवाले. ‘फाउस्ट’च्या दुसऱ्या भागात त्यांनी आगीचा सिद्धांत घातला कोणाच्या तोंडी? चक्क सैतानाच्या!

निकाल
वाळूचा दगड आणि बहुतेक चुनखडी पाण्याच्या खात्यात, ग्रॅनाइट-बेसॉल्ट आगीच्या. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हाच. व्हेर्नर गुरुजींचं खरं मानलं असतं, तर वेरूळचं कैलास लेणं समुद्राच्या गाळात कोरलंय, असं आपण शाळेत घोकलं असतं!