खाडा: एकटेपणावरचं ॲप आणि मावशींची वही

(आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी.)

आज कुणी पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे. आणि विषयही तोच आहे, एकटेपणा. मित्रासोबत मी त्यावर एक ॲप बनवतोय. ते कसं बनतंय आणि आधी कुठे चुकलं, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी चोपड्याहून भिवंडीत आलो. मानकोलीच्या बाजूला गोडाऊनमध्ये रात्रपाळी, आणि राहायला पद्मानगरात एक खोली. तिथे एकदा सणकून ताप आला. तीन दिवस मी उठलोच नाही. फोन उशाशीच होता. व्हॉट्सॲपवर सत्तावीस ग्रुप, रोज शंभरेक गुड मॉर्निंग. पण ‘हा दोन दिवस दिसला नाही’ असं कुणाच्याही लक्षात आलं नाही. चूक त्यांची नव्हती. ग्रुपमध्ये कोण बोललं ते दिसतं, कोण गप्प झालं ते दिसत नाही.

लक्षात आलं ते भिस्सीवाल्या मावशींच्या. भिवंडीबाहेरच्यांसाठी सांगतो, भिस्सी म्हणजे आपली खाणावळ. लूमवर काम करणारे, घरापासून लांब राहणारे हजारो लोक इथे महिन्याच्या हिशेबाने जेवतात. कितीतरी भिस्सी बायकाच चालवतात. मावशींच्या वहीत प्रत्येकाचं नाव असतं. जेवायला नाही आलं की नावापुढे खाडा. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला खोलीवर पाठवलं. तो दारातून म्हणाला, “आई विचारते, दोन दिवस खाडा आहे तुझा. सांगितलं पण नाहीस. बरा आहेस ना?”

खरं सांगू? मी रडलो.

आता थोडं समजून घेऊया. एकटं असणं आणि एकटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला जितकी आणि जशी नाती हवी आहेत, आणि प्रत्यक्षात जी आहेत, त्यांच्यात जी दरी असते ती म्हणजे एकटेपणा. म्हणून दहा जणांच्या खोलीतही माणूस एकटा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो की जगात साधारण दर सहा माणसांमागे एकाला हा त्रास आहे. १३ ते २९ वयोगटात तर १७ ते २१ टक्के लोक एकटं वाटतं असं सांगतात. म्हणजे हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं नाही, आपलंही आहे.

मग आम्ही ॲप बनवलं. पहिलं ॲप सपशेल फसलं. आयडिया सोपी होती, अनोळखी दोघांना जोडायचं आणि चॅट करू द्यायचं. ओळखीच्या तीसेक जणांना ते वापरायला दिलं. लोक रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्यावर असायचे आणि आम्ही खूश! मग एका मुलीने ॲप काढून टाकलं. मी विचारलं तर म्हणाली, “दादा, मला कुणीतरी बोलायला हवं होतं. इथे पण ब्लॉकच करत बसू का?” त्या दिवशी कळलं की लोक किती वेळ थांबतात हे मोजून एकटेपणा कमी झाला का ते कळत नाही.

मग एक जुनं काम वाचनात आलं, आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने २०१३ मध्ये पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाचा प्रकल्प सुरू केला. ४१ गावांत. गावातल्याच माणसांना शिकवलं. ‘मित्र’ म्हणजे कोण त्रासात आहे ते ओळखणारे. ‘चॅम्पियन’ म्हणजे त्या माणसाला चार ते सहा वेळा भेटून, नीट ऐकून, अडचणीतून वाट काढायला मदत करणारे. त्यांच्या हातात स्मार्टफोन होते, त्यात शिकण्याचे व्हिडिओ आणि गावाला दाखवायच्या छोट्या फिल्म. पुढे हेच काम गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातही गेलं. मला यात एक गोष्ट भिडली. फोन होता, पण आधार माणूस देत होता. फोन त्या माणसाला मदत करत होता.

मग आम्ही सगळं पुसून नव्याने सुरू केलं. आता रचना अशी आहे.

एक, पंगत. पाच जणांचा गट, शक्यतो एकाच शिफ्टचा आणि एकाच भागातला. मुलींची पंगत वेगळी हवी असेल तर वेगळी. नंबर कुणाला दिसत नाही, लोकेशन घेतलंच जात नाही.

दोन, दिवसातून एकदा ‘आलो’ किंवा ‘आले’ एवढंच बटण दाबायचं. फीड नाही, लाइक नाही, कोण ऑनलाइन आहे तेही दिसत नाही. साध्या फोनवर चालतं, आणि नेट नसेल तर एसएमएस जातो.

तीन, खाडा. दोन दिवस बटण दाबलं नाही, तर पंगतीतल्या एकाच माणसाला निरोप जातो. कोणाला, ते तुम्ही आधीच ठरवलेलं असतं. कारण न कळवता पाळत ठेवणं आणि काळजी घेणं यात फरक आहे. एकटं राहायचं असेल तर ‘सुट्टी’ दाबा. भिस्सीत नाही का, आधी सांगितलं की कुणी विचारत नाही!

चार, मर्यादा. आम्ही डॉक्टर नाही. बोलणं जिवावर बेतण्यासारखं वाटलं, तर स्क्रीनवर लगेच १४४१६ येतो. हा सरकारचा टेलि-मानस, २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. आणि १८ वर्षांखालच्यांना आम्ही सध्या घेत नाही. २०२३ च्या डेटा कायद्यानुसार त्यांच्यासाठी पालकांची संमती लागते, आणि ती नीट तपासायची सोय आमच्याकडे अजून नाही.

सध्या चार पंगती आहेत. एक मोडली, कारण कुणाचंच कुणाशी जमलं नाही. तीन टिकल्यात. मोजतो फक्त एक गोष्ट, महिन्यात किती वेळा प्रत्यक्ष भेटले.

गेल्या महिन्यात शांतीनगरच्या एका पोराचा खाडा पडला. लूमवर काम करणारा. निरोप ज्याला गेला, तो ड्यूटी संपवून सरळ त्याच्या खोलीवर गेला. बघतो तर बॅग भरलेली. काम सुटलं होतं, दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. लाजेने कुणाला न सांगता गावी निघाला होता. दोघांनी खाली टपरीवर चहा घेतला. तो गेलाच शेवटी. ॲपने काम नाही मिळवून दिलं, भाडंही नाही फेडलं. पण स्टेशनवर सोडायला पंगतीतले तिघे होते. गावी पोचल्यावर त्याने बटण दाबलं, ‘आलो’.

मावशींना मी ॲप दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, “म्हणजे माझी वहीच की रे!”

हो मावशी, वहीच आहे.

तर मंडळी, आमचं ॲप तुमच्यापर्यंत यायला वेळ आहे. तोवर एक करा. असा कोण आहे, जो हल्ली ग्रुपवर गप्प आहे? नाव आठवलं? हा भाग संपला की त्याला फोन लावा. मेसेज नको, फोनच.

भेटूया पुढच्या भागात. जेवण वेळेवर करा!