घुबड निरीक्षण (बुलढाणा जिल्हा)

घुबडांना त्यांच्या नैसर्गिक अधिवासात, त्यांच्या दिनक्रमात व्यत्यय न आणता पाहणे, त्यांच्या नोंदी ठेवणे आणि छायाचित्रे घेणे यास घुबड निरीक्षण असे म्हणतात. बुलढाणा तालुक्यातील धाड व परिसरातील गावांसारख्या शेतीप्रधान भागात यासाठी अरण्यात जाण्याची आवश्यकता नसते. गावाभोवतालचे जुने वृक्ष, पडक्या भिंती, विहिरी आणि शेताचे बांध ही घुबडांची नेहमीची आश्रयस्थाने होत.

== हिवाळ्याचे महत्त्व ==
हिवाळ्यात रात्र मोठी असते आणि पुढे पानगळीमुळे ढोलीतील पक्षी सहज दिसू लागतात. थंडीच्या सकाळी पिंगळा ढोलीच्या तोंडाशी बसून ऊन खातो. त्याचा विणीचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल असल्याने या काळात जोडीचा कलकलाट वाढतो. महाराष्ट्र शासनाने मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला आहे. निरीक्षणास आरंभ करण्यासाठी तो सोयीचा काळ आहे.

== प्रमुख जाती ==
* '''पिंगळा''' : सुमारे २१ सेंमी लांबीचा, करड्या-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला पक्षी. तो मनुष्यवस्तीलगत सर्वाधिक आढळतो.
* '''गव्हाणी घुबड''' : हृदयाकृती पांढरा चेहरा. याचे मुख्य भक्ष्य उंदीर व घुशी असल्याने ते शेतकऱ्यास उपकारक ठरते.
* '''शृंगी घुबड''' : डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे. हे कडेकपारी व घळींमध्ये राहते आणि उघड्या जमिनीवरच अंडी घालते.
* '''आखूडकानी घुबड''' : हिवाळी पाहुणा. माळरानावर गवतात, जमिनीवरच विसावतो.

== निरीक्षण व छायाचित्रण ==
सूर्योदयानंतरचा तास आणि संधिकाल हे निरीक्षणास उत्तम. झाडाखाली पडलेली पांढरी विष्ठा, तसेच केस व हाडे असलेल्या न पचलेल्या अन्नाच्या गोळ्या यांवरून घुबडाची बसण्याची जागा ओळखता येते. या गोळ्या उकलून पाहिल्यास त्याने काय खाल्ले हेही कळते. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. त्याऐवजी ते मान सुमारे २७० अंशांपर्यंत वळवू शकते. म्हणून निरीक्षकाने मागून जवळ जाण्यात काही लाभ नसतो.

छायाचित्रणासाठी लांब पल्ल्याचे भिंग वापरून अंतर राखावे. फ्लॅश, प्रखर विजेरी आणि ध्वनिमुद्रित आवाजाने पक्ष्यास बोलावणे टाळावे. घरट्याच्या अगदी जवळ गेल्यास पक्षी अंडी वा पिले सोडून उडण्याचा धोका असतो. घरट्याचे नेमके ठिकाण छायाचित्रासोबत प्रसिद्ध करू नये.

== रानपिंगळ्याचे उदाहरण ==
अचूक नोंदीचे महत्त्व रानपिंगळ्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे वर्णन केले. १८८४ नंतर तिचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही. १९१४ चा म्हणून दाखविला जाणारा नमुना बनावट नोंदीचा निघाला, तर १९६८ मध्ये नागपूरजवळ घेतलेले छायाचित्र साध्या पिंगळ्याचे ठरले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत आढळला. रानपिंगळा दिवसाही वावरतो. त्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात. ही लक्षणे न पाहता केवळ आकारावरून केलेली ओळख फसवी ठरू शकते. पुढे मेळघाटातही त्याच्या नोंदी झाल्या.

== लोकसमजुती व संरक्षण ==
घुबड हे लक्ष्मीचे वाहन मानले जाते, तरी त्याचे ओरडणे अनेक घरांत अशुभ समजले जाते. पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यासही पिंगळा म्हणतात. त्याला या पक्ष्याची भाषा कळते, अशी समजूत आहे. अशुभतेच्या भीतीने घुबडांना हुसकावले वा मारले जाते आणि जादूटोण्यासाठी त्यांची चोरटी विक्रीही होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घुबडांना पकडणे, मारणे वा विकणे हा गुन्हा आहे. उंदरांवरील विषाचा वापर आणि ढोली असलेल्या जुन्या झाडांची तोड हेही मोठे धोके होत. नवे रोप लावल्याने अशा झाडाची उणीव लगेच भरून निघत नाही, कारण पक्षी राहू शकेल अशी ढोली तयार होण्यास अनेक दशके लागतात. त्यामुळे गावाजवळचे एखादे जुने झाड राखणे हा घुबडांच्या संरक्षणाचा सर्वांत सोपा उपाय आहे.