बधिर तळपायाची जखम: दाबाचे गणित आणि उपचाराचे प्रशिक्षण

प्रस्तावना

जखमांच्या व्यवस्थापनाचे प्रगत प्रशिक्षण म्हटले की ड्रेसिंगचे प्रकार, जंतुनाशके आणि प्रतिजैविके यांची यादी डोळ्यांसमोर येते. मधुमेहामुळे किंवा कुष्ठरोगामुळे पाय बधिर झाला असेल आणि तळव्याला जखम झाली असेल, तर ही यादी पुरी पडत नाही. जखम स्वच्छ असते, ड्रेसिंग योग्य असते, रक्तपुरवठाही ठीक असतो. तरी ती महिनोन्महिने भरत नाही. कारण रुग्ण रोज त्याच जखमेवर चालत असतो. पुढे जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला तर पाय कापण्याची वेळ येऊ शकते. म्हणून अशा जखमेवरचा दाब काढणे हा उपचाराचा गाभा आहे. या पाठात त्यामागील यांत्रिकी समजून घेऊ.

वेदना काय काम करते?

निरोगी माणसाला चालताना चवड्याखाली टोचू लागले की तो नकळत लंगडतो आणि भार दुसरीकडे टाकतो. बधिर पायाला ही सूचना मिळत नाही. त्याच जागी हजारो वेळा मध्यम दाब पडत राहतो, आतील ऊतींना सूज येते आणि शेवटी त्वचा फाटते. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांचे पाय ‘आपोआप झडतात’ अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. बऱ्याच जखमा संवेदना गेल्यामुळे होतात आणि पायाला प्लास्टर घालून विश्रांती दिल्यास त्या भरतात, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. हाच विचार पुढे मधुमेही पायाच्या उपचारात रुजला.

दाबाचे गणित

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ६० किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा असेल, तर बल सुमारे ६०० न्यूटन असते. ते तळव्याच्या १०० चौरस सेंटीमीटर भागावर समान पसरले, तर दाब ६० किलोपास्कल येतो. आता पाऊल पुढे ढकलताना यातले निम्मे बल, म्हणजे ३०० न्यूटन, चवड्याच्या फक्त १० चौरस सेंटीमीटरवर आले असे समजा. दाब ३०० किलोपास्कल होतो, म्हणजे पाचपट. संवेदना गेलेल्या पायासाठी पादत्राणे तयार करताना बुटाच्या आतील कमाल दाब २०० किलोपास्कलच्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दिलेले आहे. त्यावरून या आकड्याचे गांभीर्य लक्षात येईल.

जखमेभोवती जमलेला जाड घट्टा हा पायाखाली अडकलेल्या खड्यासारखा वागतो आणि दाब आणखी वाढवतो. म्हणून प्रशिक्षित हातांनी घट्टा तासून काढणे हाही दाब कमी करण्याचाच उपाय आहे.

बधिरता कशी तपासावी?

यासाठी १० ग्रॅमचा नायलॉन दोरा, म्हणजेच मोनोफिलामेंट, वापरतात. दोरा त्वचेला काटकोनात टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा. इथे ऑयलरचा बकलिंगचा सिद्धांत कामी येतो. बारीक दांडा किती बलाला वाकेल, हे त्याची जाडी, लांबी आणि पदार्थाचा लवचिकता गुणांक यांवर ठरते. त्यामुळे तपासणारा नवशिका असो की अनुभवी, त्वचेवर पडणारे बल जवळपास तेवढेच राहते. रुग्णाचे डोळे मिटलेले असावेत आणि घट्ट्यावर किंवा जखमेवर तपासणी करू नये. एकाच दोऱ्याने लागोपाठ अनेक रुग्ण तपासले, तर तो कमी बलालाच वाकू लागतो. म्हणून त्याला विश्रांती द्यावी.

दाब कसा काढावा?

पायाला सर्व बाजूंनी नीट बसणारे प्लास्टर, म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, तीन प्रकारे काम करते.

१. भार संपूर्ण तळव्यावर पसरतो.
२. काही भार पोटरीभोवतीच्या प्लास्टरच्या भिंती उचलतात.
३. घोटा स्थिर राहिल्याने चवड्यावर जोर देऊन पाऊल ढकलता येत नाही.

चौथा फायदा वर्तनाचा आहे: रुग्णाला ते काढता येत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, काढता येणारे साधन दिलेल्या रुग्णांनी दिवसभरातील हालचालीपैकी सुमारे २८ टक्केच हालचाल ते घालून केली होती. घरातल्या घरात चालताना साधन बाजूला राहते, आणि जखमेला ती पावलेही मोजावी लागतात.

कुठे थांबावे?

प्लास्टरआधी रक्तपुरवठा व जंतुसंसर्ग तपासणे अनिवार्य आहे. घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असल्यास धमनीत अडथळ्याची शंका घ्यावी. मधुमेहात धमन्या कडक झाल्यास हेच गुणोत्तर फसवे, जास्त येते. त्यामुळे मोठ्या आकड्यावर विसंबू नये. रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा गंभीर संसर्ग असेल, तर प्लास्टर घालू नये. सूज उतरली की प्लास्टर सैल होऊन घासते, म्हणून पहिले प्लास्टर काही दिवसांतच बदलावे लागते. जखम भरल्यावरही पाय बधिरच राहतो. योग्य पादत्राणे कायमची लागतात.

सारांश

ड्रेसिंग जखमेला भरण्यासाठी पोषक वातावरण देते. भरण्याची संधी मात्र दाब काढल्यावरच मिळते. रुग्णाला ‘जखमेवर काय लावता?’ इतकेच न विचारता ‘दिवसभर कसे आणि किती चालता?’ हेही विचारावे.

स्वाध्याय

१. चवड्याच्या ७ चौरस सेंटीमीटर भागावर ३५० न्यूटन बल पडते. दाब काढा. क्षेत्रफळ २५ चौरस सेंटीमीटर केल्यास तो २०० किलोपास्कलच्या खाली जाईल का?
२. दोऱ्याची लांबी तुटून कमी झाली, तर बधिरतेच्या तपासणीचा निष्कर्ष कोणत्या दिशेने चुकेल? कारण द्या.